न पाहिलेल्या घरांचे मास्तर

"तुमच्या घरी न्हाणीचं पाणी कुठे जातं?"

मास्तरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी भवानीपुरातल्या त्यांच्या दारात उभा होतो. हातात पत्त्याची चिठ्ठी, मागे घामानं निथळणारी बायको आणि टॅक्सीतून उतरवलेल्या दोन ट्रंका. पगार किती, मासे-मटण खाता का, पाहुणे फार येतात का, या प्रश्नांची उत्तरं मी हावडा स्टेशनपासून घोकत आलो होतो. न्हाणीचा अभ्यास केलेला नव्हता.

"गटारात," मी म्हणालो.

"ते सगळ्यांचंच जातं. वाटेत काय लागतं?"

मागून बायको म्हणाली, "आमच्याकडे अळू लागायचं. मग केळी. मग वहाळ."

मास्तरांनी दार सताड उघडलं. "वरच्या दोन खोल्या," ते तिला म्हणाले. मला काहीच म्हणाले नाहीत. मी ट्रंक उचलली.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. केंद्र सरकारच्या एका खात्यात मी नुकताच साहेब झालो होतो आणि साहेब झाल्याचा आनंद पुरता भोगायच्या आत कलकत्त्याला बदली झाली होती. त्या काळी कलकत्त्याला बदली म्हटलं की पुण्यातले लोक सांत्वनाला येत. रोज बंद, रोज मोर्चे, भिंतींवर वीतभर जागा घोषणांवाचून रिकामी नाही. वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता, पण जाईल याची खात्री असे. मी अशा शहरात आलो आणि आल्या दिवसापासून ते किती वाईट आहे हे त्या शहराला समजावून सांगू लागलो. "आमच्या पुण्याला असं नसतं," हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन! ट्रामला म्हणायचो, चहाला म्हणायचो, एकदा तर हुगळी नदीला उद्देशून म्हणालो. बायको म्हणाली, "मुठेबद्दल बोलताय?" मग मी जरा आवरतं घेतलं.

मास्तर निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते. उंच, खांद्यात वाकलेले, बंगाली पद्धतीचं धोतर, कानावर पेन्सिल. त्यांचे आजोबा कोकणातून एका गोऱ्या साहेबाच्या कंपनीत नोकरीला आले आणि इथेच राहिले. मास्तरांचा जन्म याच घरातला. लग्न केलं नाही. बंगालच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. मराठी ते आईकडून शिकले होते, आणि आई जाऊन तीस वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या पेटीतल्या शालूसारखी होती. मधेच एखादा भरजरी शब्द, मधेच मोठं भोक. बंगालीत बाई-पुरुष असा क्रियापदाचा भेद नाही. मास्तरही तो मानत नसत. "तुमची बायको आला होता," असं ते मला सरळ सांगत. शेजारचे डॉक्टरबाबू त्यांना लाडानं 'बर्गी' म्हणत, म्हणजे फार पूर्वी बंगालवर चालून आलेला मराठी घोडेस्वार. आणि आम्ही बदलीवर आलेले मराठी लोक त्यांना म्हणायचो 'बंगाली मास्तर'.

पण त्यांचा खरा लौकिक होता तो घरांसाठी. कलकत्त्यात बदलून आलेला कुठलाही मराठी माणूस त्यांच्या तावडीत सापडला की रविवारी सकाळी त्याला समोर बसवायचं, त्याच्या गावच्या घराबद्दल विचारायचं आणि कागदावर ते घर काढायचं. दार कुठल्या दिशेला, पायऱ्या किती, कोनाडे कुठे, जिन्याची कितवी पायरी वाजते, पाहुणा आला की चपला कुठे काढतो. कुणी "छान होतं हो घर" म्हणालं की ते पेन्सिल थांबवत. "छान ही काही दिशा नाही. पूर्व की पश्चिम?" सोलापूरचं माळवदाचं घर, वऱ्हाडातलं धाब्याचं, नाशकातलं गल्लीतलं, अशी न पाहिलेली शे-दोनशे घरं त्यांनी काढली होती. भले भले अधिकारी त्या खुर्चीवर बसून रडलेले मी ऐकून होतो. एका बँकेचे मॅनेजर आपल्या घरातल्या जात्याची जागा आठवेना म्हणून बेळगावला ट्रंक कॉल लावायला निघाले होते.

दर्शनी भिंतीवर मात्र एकच चित्र होतं. त्यांचं स्वतःचं घर, गुहागरजवळच्या गावातलं. आईनं सांगितलेलं. उतरती कौलं, लांब पडवी, अंगणात फणस, परड्यात पायऱ्यांची विहीर आणि मागे खाडीचा तुकडा. आई जिवंत होती तोवर चुका सांगत गेली आणि मास्तर सुधारत गेले. फणस तीनदा हलवला होता. त्याच्या जुन्या जागा खोडलेल्या दिसत. "हे आमचं घर," मास्तर नव्या माणसाला सांगत, आणि ज्या घरात उभं राहून सांगत त्याकडे असा हात करत की जणू ही स्टेशनवरची वेटिंग रूम आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी छाती काढून बसलो. पुणं, सदाशिव पेठ. तीन रविवार मी त्यांना घर सांगितलं. दिंडी दरवाजा, चौक, हौद, माडीवरची गॅलरी, देवघरातली घंटा. फर्ड्या आवाजात सांगितलं. खाली बसून तांदूळ निवडत बायको ऐकत होती, त्यामुळे जरा चढवूनच सांगितलं. मास्तर पेन्सिल चालवत होते आणि कागदावर खरोखरच ते घर उभं राहत होतं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी सहज विचारलं, "लहानपणी आजारी पडलात की कुठे निजवायचे?"

आणि मी तितक्याच सहज म्हणालो, "आजारी पडलो की मी घरी जायचो."

बोलून गेल्यावर कळलं. पंखा बंद होता, वीज गेलेली होती, त्यामुळे ते वाक्य खोलीत फार स्वच्छ ऐकू आलं. मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली. "चहा घ्या," म्हणाले. बायको तांदूळ निवडत राहिली. माझं चित्र अर्धवट राहिलं, आणि त्याबद्दल त्यांनी पुन्हा एक अक्षर काढलं नाही. हे फारच वाईट. विचारलं असतं तर मी आणखी एखादं खोटं बोलून मोकळा झालो असतो.

खरं सांगायचं तर सदाशिव पेठेतल्या त्या घरात कॉलेजची दोन वर्षं मी एका खोलीत भाड्यानं राहिलो होतो. देवघरातली घंटा मी लांबून ऐकली होती. माझे वडील पाटणजवळच्या एका गावात हायस्कुलात शिपाई होते आणि आम्ही पाच जण शाळेच्या आवारातल्या एका खोलीत राहत होतो. अर्ध्या खोलीत आम्ही, अर्ध्या खोलीत मोडकी बाकं. हे मी कुणाला सांगत नसे. कुणी विचारलं तर "वडील शाळेत होते," एवढंच म्हणे. यात खोटं काही नाही. ऐकणारा त्यांना मास्तर समजे, काही जण हेडमास्तर समजत. मी कुणाचा गैरसमज करून दिला नाही, फक्त तो दूर केला नाही. लग्नही याच वाक्यावर झालं होतं. आई-वडील तोवर गेले होते, दोघे भाऊ साताऱ्याला होते, त्यामुळे बायकोला गावी नेण्याचा प्रसंग मी सहा वर्षं टाळू शकलो. ऑफिसात कारकून विचारत, "दादा, आपनार देश कोथाय?" बंगालीत देश म्हणजे आपलं मूळ गाव. मी म्हणायचो, "पुना." पाटण म्हणायला कुणाचं काय जात होतं? पण जीभ वळत नव्हती.

चौथ्या वर्षी बायकोच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, चिपळूणला. तिनं मला न विचारता मास्तरांना निमंत्रण दिलं. "चला आमच्याबरोबर. तुमचं गाव आमच्या चिपळूणपासून एसटीनं दीड-दोन तास. घर बघून या."

मला वाटलं ते नाही म्हणतील. बासष्ट वर्षं जो माणूस गेला नाही तो आता कशाला जातो? पण मास्तरांनी दुसऱ्या दिवशी ते चित्र भिंतीवरून उतरवलं, फ्रेमीतून काढलं, गुंडाळी करून छत्रीच्या जुन्या कापडात बांधलं. सगळ्या गाडीप्रवासात ती गुंडाळी त्यांच्या मांडीवर होती. नागपूरच्या पुढे जी जी मराठी पाटी वाचता येऊ लागली ती ती ते मोठ्यानं वाचत. डब्यातले लोक बघत. मी खिडकीबाहेर बघत बसे, म्हणजे मी त्यांच्याबरोबर नाही असं लोकांना वाटावं.

लग्न आटोपल्यावर आम्ही तिघं त्यांच्या गावी गेलो. घर होतं. चांगलं नांदतं होतं, ओटीवर सायकल, रेडिओ चालू. चुलतभाऊ शाळेत शिक्षक होते, भले गृहस्थ. पत्र मिळालं होतं म्हणून स्टँडवर घ्यायला आले. मास्तर अंगणात थांबले आणि हळूहळू चारी बाजूंनी बघू लागले. फणस नव्हता. तोडला असेल. विहीर होती, पण रहाटाची, पायऱ्या नाहीत. खाडी कुठेच दिसेना. दिसण्यासारखी नव्हतीच, मधे डोंगर होता.

"डोंगर नवा आहे का?" मास्तरांनी विचारलं. मला हसू आलं, पण ते गंभीर होते.

चुलतभावाची आई आतून आली. ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पण नजर शाबूत. ही मास्तरांची काकू. ती आणि मास्तरांची आई, दोघी जावा एकाच वर्षी या घरात लग्न होऊन आल्या होत्या. मास्तरांनी गुंडाळी सोडून चित्र ओटीवर पसरलं. काकू गुडघ्यावर बसल्या आणि बोट फिरवत राहिल्या.

"हे कुणी काढलं?"

"मी. आईनं सांगितलं तसं."

"अरे, हे घर इथलं नव्हेच. ही पायऱ्यांची विहीर, हा फणस... हे तुझ्या आईचं माहेर. खाडीपलीकडचं. मी हळदीकुंकवाला गेलेय तिथं."

आत रेडिओवर बाजारभाव चालले होते.

"पण आई म्हणायची, आपलं घर," मास्तर म्हणाले.

"म्हणणारच. इथं होती कितीशी? चार महिने. चारही महिने रडत होती. चौदा वर्षांची पोर. हे घर तिनं पाहिलं काय, तर चूल आणि न्हाणी. मग तुझ्या बापानं तिला कलकत्त्याला नेली ती नेली."

"म्हणजे मला फसवलंन्."

"फसवलंन् कसलं! तिला जे घर होतं ते तिनं सांगितलं. नसलेलं कुठून सांगेल?"

चुलतभावाला वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "दादा, ते घर आहे अजून. तरीनं खाडी ओलांडली की तासाभरात पोचू. मामेभाऊ आहेत तुमचे."

मास्तरांनी चित्राची वळलेली कड हातानं सपाट केली. मग म्हणाले, "नको. बासष्ट वर्षं त्यांच्या घरात न विचारता राहिलोय. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

काकूंनी चित्र मागितलं. मास्तरांनी देऊन टाकलं. दुपारी जेवताना त्यांनी दोनदा भात घेतला आणि न्हाणीचं पाणी कुठे जातं हे कुणालाही विचारलं नाही. तेव्हा मला प्रथम भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिपळूणहून कऱ्हाडची एसटी धरली, पुढे रेल्वेसाठी. कुंभार्ली घाट चढताना तिघांच्या बाकावर बायको खिडकीशी झोपली होती, मी मधे, मास्तर कडेला, रिकामे हात मांडीवर. कंडक्टरनं "आजोबा, कुठलं गाव?" विचारलं तर नुसते त्याच्याकडे बघत राहिले. मला राहवेना. सांत्वन कसं करतात हे मला येत नाही. मला फक्त माझ्याबद्दल बोलता येतं. म्हणून मी हळूच म्हणालो, "मास्तर, ते पुण्याचं घर माझं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"मी भाडेकरू होतो तिथं. माझे वडील हायस्कुलात शिपाई होते. आम्ही शाळेतच राहायचो. तासाभरात लागेल ते गाव, याच रस्त्यावर." मग आवाज आणखी खाली आणून म्हणालो, "हिला माहीत नाही."

खिडकीकडून, डोळे न उघडता, बायको म्हणाली, "मला माहीत आहे."

घाटात एसटीला वळण होतं म्हणून बरं. मी पुढच्या बाकाची दांडी धरली.

"लग्नाआधी बाबा चौकशी करून आले होते तुमच्या गावी," ती म्हणाली. "घाट उतरलं की चिपळूण, लांब का आहे? सगळ्यांनी सांगितलं, शिपाईमामा म्हणजे देवमाणूस होता. म्हणून तर दिलं मला. तुमच्याबद्दल कुणी फारसं काही बोललं नाही."

"मग सहा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं रंगवून सांगत होता. देवघरातली घंटा वगैरे. मधे कसं बोलणार?"

सहा वर्षं मी एक गुपित तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं आणि ते सगळ्या चिपळूणला माहीत होतं. तिच्या धाकट्या भावालासुद्धा, ज्याला मी लग्नाच्या मांडवात 'घराण्याची रीत' या विषयावर बौद्धिक दिलं होतं. मास्तरांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. काल दुपारनंतर पहिल्यांदाच.

"तुमच्या गावी उतरू," ते म्हणाले.

रविवार होता. शाळा बंद होती, आवारात कुणी नव्हतं. खोलीत आता नवा शिपाई आणि त्याची बायको राहत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. "मामांचे चिरंजीव? या की, या." मी बूट काढून आत वाकून गेलो. खोली तेवढीच होती. मोडकी बाकंही होती, फक्त पिढी बदललेली. मी बायकोला दाखवू लागलो, इथं चूल, इथं आई, इथं आम्ही तिघं भाऊ. सांगून संपायला मिनिटसुद्धा लागलं नाही. मी ओशाळून मास्तरांकडे बघितलं. "एवढंच."

"अभ्यास कुठे करायचात?"

"अभ्यास सातवी ब मध्ये. तिथं फळा चांगला होता."

"जेवायला?"

"उन्हाळ्यात व्हरांड्यात. वडील लांबलचक बाक काढायचे."

"पावसात कपडे कुठे वाळत?"

"प्रयोगशाळेत. सांगाड्याच्या कपाटापासून खिडकीपर्यंत दोरी बांधायची आई. सर लोक यायच्या आत काढायची."

बोलता बोलता आम्ही शाळाभर फिरत होतो. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुलपं काढत होता. पाच वाजता शेवटची घंटा झाली की ही सगळी शाळा आमची असायची. ड्रॉइंगच्या वर्गात आम्ही लपाछपी खेळायचो, हेडमास्तरांच्या खुर्चीत थोरला भाऊ बसून आम्हाला छड्या मारायचा, मला गोवर आला तेव्हा वाचनालयात वारा चांगला येतो म्हणून वडिलांनी तिथल्या मोठ्या टेबलावर माझी गादी घातली होती. सदाशिव पेठेतल्या माझ्या त्या मालकांच्या घराला आठ खोल्या होत्या. आम्हाला अकरा वर्ग, प्रयोगशाळा आणि कबड्डीचं मैदान होतं. एवढं मोठं घर लपवायला मला इतकी वर्षं कसं काय जमलं, हेच कळेना. मी थांबून नाक शिंकरलं. बायकोनं रुमाल दिला आणि दुसरीकडे बघितलं.

मास्तर व्हरांड्यात मांडी घालून बसले. शिपायानं ऑफिसातून कोरे कागद आणून दिले. एका कागदावर शाळा मावेना, त्यांनी दुसरा जोडला, मग तिसरा. शिपायाची बायको चहा घेऊन आली आणि त्यांच्या बाजूला टेकून बघू लागली.

"आजोबा, तुमचं घर कुठं हो?"

मी बायकोकडे बघितलं. कालपासून आम्ही दोघं हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून जपत होतो.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "भवानीपुरात," ते म्हणाले.

"ते कुठं आलं?"

"कलकत्त्याला."

"लई लांब म्हणायचं. कसं हाय घर?"

"दार उत्तरेला. बाहेर तीन पायऱ्या. पावसात दोन बुडतो. तिसऱ्यावर उभं राहून मासेवाल्याशी बोलायचं. आत गेलं की उजव्या हाताला पाण्याचा हौद. पश्चिमेचा भिंत सारखा ओला असतो, तिथे काही टांगता येत नाही. मोठ्या रस्त्यावर ट्राम वळला की कपाटातल्या बश्या वाजतात. संध्याकाळी शेजारी डॉक्टरांकडे शंख फुंकला की आपण दिवा लावायचा. वीज नसेल तर कंदील. कंदिलाचा खिळा जिन्याखाली, माझ्या बाबांनी ठोकलेला, थोडा वाकडा." ते थांबले, डोळे बारीक करून काहीतरी बघत असल्यासारखे. "जिन्याची सातवी पायरी वाजते."

मी चार वर्षं त्या जिन्यानं चढत-उतरत होतो. सातवी पायरी वाजते हे मला माहीत नव्हतं.

"आन् घरात कोन कोन असतं?" तिनं विचारलं.

मास्तरांनी आमच्याकडे बघितलं. "ही दोघं असतात. वरच्या मजल्यावर." मग तिच्याकडे जरा झुकून, तक्रारीच्या सुरात म्हणाले, "नळ नीट बंद करत नाहीत."

"पोरांचं असंच असतंय," ती म्हणाली आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.